ड्रॉइंग हॉलमधला आवाज

भाद्रपद लागला की जबलपूरची हवा अंगाला ओल्या फडक्यासारखी चिकटून बसते. पाऊस धड पडत नाही आणि धड जातही नाही. आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या जुन्या इमारतीला खालून वर ओल चढते, खडू बोटांत मऊ पडतो, पायऱ्यांच्या कडेला शेवाळ धरतं. आणि दुपारच्या आधी केव्हातरी खमरियाच्या दिशेने तो आवाज येतो. धप्प. काचा एकदा थरारतात, पंख्याच्या पात्यावरची धूळ सुटते, आणि मग सगळं पुन्हा जिथल्या तिथे. तिकडे दारूगोळा तपासायला उडवून बघतात, एवढंच. माझा नवरा विजय त्याच बाजूला नोकरीला आहे. आम्हा इथल्या माणसांचं त्या आवाजाकडे लक्षही जात नाही.

नवीन मुलांचं मात्र जातं. आज सकाळीच गेलं. पहिल्या वर्षाचा वर्ग गच्च भरला होता, मी फळ्याकडे तोंड करून होते. धप्प झालं आणि पाठीमागे सगळ्यांचे श्वास एकदम थांबले. वळून पाहिलं तर सगळे डोळे माझ्याकडे. कुणी विचारलं नाही की मॅडम, हे काय होतं. "टेस्टिंग है बेटा, रोज़ होता है," म्हणून मी पुढे लिहायला लागले. पण हात जरासा अडखळला. दर वर्षी या दिवसांत अडखळतो. त्या धक्क्यानंतर जी शांतता पसरते तिच्यात वरच्या मजल्यावरून कुणाचं तरी बोलणं ऐकू येईल, असं मला अजूनही वाटतं.

मी गणित शिकवते. आमचं घराणं मराठ्यांच्या चाकरीत या मुलखात आलं आणि इथलंच होऊन गेलं. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि कॉलेजच्या फळ्यावर इंग्रजी. माझ्या डोक्यात एकेका गोष्टीला तीन-तीन नावं राहतात. शाळेत शिकले ते 'अवकलन'. बाबांनी नागपूरहून आणलेल्या मराठी पुस्तकात तेच 'विकलन'. आणि कॉलेजात पाय ठेवला त्या दिवशी सरांनी 'डिफरन्सिएशन' म्हटलं, तेव्हा हे काहीतरी भयंकर नवीन आहे असं समजून मी वहीत नुसत्या रेघा ओढत बसले होते. पुष्कळ दिवसांनी कळलं की ही तर आपली जुनीच ओळख, आणि 'इंटिग्रेशन' म्हणजे आपलं 'समाकलन'. वेश तेवढा बदललेला.

त्या अनुभवामुळे असेल, कॉलेजने ब्रिज कोर्स सुरू केला तेव्हा मी तो आपणहून मागून घेतला. शहपुरा, कटंगी, पाटण, कुठून कुठून मुलं येतात. हिंदी माध्यमातली, बारावीला चांगले मार्क घेतलेली. सकाळच्या वेळात मी त्यांना शाळेतलंच गणित कॉलेजच्या भाषेत पुन्हा शिकवते. "घाबरायचं नाही. हा तुमचाच माणूस आहे, फक्त सूट घालून आलाय," हे माझं ठरलेलं वाक्य. हिंदीत म्हणते, "ये आपका ही आदमी है, सूट पहनके आया है." मुलं हसतात. तेवढंच हसतात.

त्या दिवसांतल्या मुलांसारखं विचित्र काही मी दुसरं पाहिलेलं नाही. शाळेने नाव कमी केलेलं, कॉलेज अजून तोंडओळखीचंही नाही. गावातल्या घरात त्यांचं अंथरूण गुंडाळून ठेवलेलं आणि इथल्या भाड्याच्या खोलीत झोप येत नाही. ती मुलं त्या काही आठवड्यांत कुठेच नसतात. वर्गात बसलेली दिसतात, पण हाक मारली तर दुरून कुठूनतरी परत आल्यासारखी दचकतात. एकमेकांची नावं त्यांना ठाऊक नसतात. शेजारी कोण बसलंय याकडे बघायचंही धाडस होत नाही. मी इतकी वर्षं हे पाहत आलेय, पण त्या एका वर्षापर्यंत त्याची भीती कधी वाटली नव्हती.

त्या वर्षी शिवानी आली. खिडकीजवळच्या बाकावर बसायची, शहपुऱ्याहून रोज बसने यायची. बारीक, सावळी, केसांची घट्ट वेणी, अजून शाळेतच असल्यासारखी. पहिले दिवस तीही सगळ्यांसारखी गप्प. मी लिमिट शिकवत होते, त्यांच्या भाषेत 'सीमा'. एखादी किंमत एका आकड्याच्या जवळ जवळ जाते, हवं तितकं जवळ जाते, असं समजावत होते. आणि हात वर झाला.

"मैडम, पहुँचती कभी नहीं?"

"पहुँचने की ज़रूरत नहीं है," मी म्हटलं. "कहाँ जा रही है, इतना पता चल जाए तो हमारा काम हो गया."

तिने ते वहीत लिहिलं आणि ती हसली. त्या वर्गात माझ्याकडे पाहून हसलेली ती पहिली. त्यानंतर रोज तिचा एक तरी प्रश्न असायचा आणि तो नेमका जिथे कोडं असतं तिथेच बोट ठेवायचा. घरी मी विजयला सांगितलंसुद्धा, "या वर्षी एक पोरगी आहे. पुढे जाईल."

त्याच सुमारास आमच्या कामताभैयांनी जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर जायचं सोडलं. कामताभैया म्हणजे आमचे शिपाई. वर पूर्वी ड्रॉइंग हॉल होता. आता मुलं कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करतात, त्यामुळे तो हॉल तसाच पडून आहे. उतरत्या फळ्यांची उंच टेबलं, उंच स्टुलं, एका भिंतीला लांबलचक काळा फळा. छत गळतं म्हणून तिकडे कुणी जात नाही. कामताभैया मात्र दुपारी जेवून तिथे पाठ टेकायचे. त्या आठवड्यात ते खाली जिन्यातच बसलेले दिसायला लागले.

"क्या हुआ भैया, आज आराम नहीं?"

त्यांनी आधी इकडे तिकडे पाहिलं. "ऊपर कोई पढ़ाता है, मैडम."

"कौन?"

"दिखता नहीं है. आवाज़ आती है. हम गए तो बंद हो गई. उतरे तो फिर चालू."

मी हसले. उंदीर असतील, वटवाघळं असतील, काय काय सुचवलं. ते ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "मैडम, चमगादड़ समाकलन नहीं पढ़ाते."

दोन-तीन आठवड्यांनी एका दुपारी माझा तास मोकळा होता. आभाळ दाटून आलं होतं, वीज गेलेली, व्हरांड्यात भर दुपारी संध्याकाळसारखा उजेड. मी जुन्या इमारतीच्या जिन्याजवळून जात होते आणि मला ऐकू आलं. वर कुणीतरी शिकवत होतं. शब्द कळत नव्हते, पण शिकवण्याची ती लय आम्हा मास्तर लोकांना झोपेतही ओळखू येते. वाक्य, थांबणं, फळ्यावर खडूची टकटक, पुन्हा वाक्य. कुणीतरी तास बदलून घेतला असेल असं म्हणत मी वर चढू लागले. जिन्याच्या वळणावर पोचले तेव्हा शब्द स्पष्ट झाले.

"घबराना नहीं है. ये आपका ही आदमी है, सूट पहनके आया है."

मी कठड्याला धरलं. वाक्य माझं होतं. आवाजही माझा होता. 'घबराना'मधल्या 'रा'वर मी नकळत जो भार देते, ज्यावरून आमच्या स्टाफरूममध्ये माझी थट्टा होते, तो भारसुद्धा तिथेच. मग वाक्याच्या शेवटी माझ्यासारखाच एक छोटासा खोकला. आणि मग मुलं हसावीत एवढी जागा सोडलेली. त्या रिकाम्या जागेत कुणी हसलं नाही. आवाज पुढे बोलू लागला.

मी इतकी वर्षं विज्ञान आणि गणितात काढली. एकाही गोष्टीला घाबरायचं काही कारण नाही, असं मुलांना सांगत आले. पण त्या वळणावर माझे पाय पुढे गेले नाहीत. आपण इथे जिन्यात उभ्या आहोत आणि वर आपण शिकवत आहोत, हे अंगाला जे काही करतं ते मी सांगू शकत नाही. मी हळूच, आवाज न करता खाली उतरले. जणू मीच चोरून ऐकायला गेले होते.

संध्याकाळी विजयला सांगितलं. तो चहा गाळत होता.

"अगं, आवाज घुमत असंन. जुनी बिल्डिंग आहे, खालचा वर जाते."

"मी शिकवतच नव्हते तेव्हा. जिन्यात उभी होते."

त्याने कप माझ्यापुढे ठेवला. "मग दार उघडून बघायचं ना. भिऊन काहून राहिली?"

"दार उघडलं असतं आणि आत मीच असते तर?"

तो हसला नाही. "तुले आरामाची गरज आहे," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ब्रिज कोर्स संपल्यावर मी सरळ वर गेले. हॉलचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत कुणी नव्हतं. उंच टेबलांच्या रांगा, त्यांवर पांढरट धूळ, छतातून गळून गळून फरशीवर तयार झालेले नकाशे. फळा पुसलेला होता आणि ओला होता. मी बोट लावून पाहिलं. पाण्याचे ओघळ अजून खाली येत होते. मी दारात उभी राहून विचारलं, "कौन है?" आणि माझाच आवाज कोपऱ्यातून फिरून माझ्याकडे आला. मी ते दार पुन्हा होतं तसं लोटलं.

शिवानीचे वडील त्याच्या पुढच्या आठवड्यात आले. माझ्या खोलीच्या दारात चपला काढून उभे होते. शहपुऱ्याच्या बाजारात त्यांचं टेलरिंगचं दुकान. कापड घ्यायला जबलपूरला आले होते, म्हटलं मुलीला भेटून जावं. हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"आप घाटे मैडम हैं न? घर में रोज़ आपकी बात होती है."

मी बसायला सांगितलं. ते खुर्चीच्या कडेवर बसले. पुडकं उघडून दाखवलं. आत पांढरा शुभ्र ॲप्रन होता, प्रयोगशाळेत घालायचा. घरी शिवलेला. खिशावर निळ्या दोऱ्याने तिचं नाव भरलेलं. 'बाज़ार का कपड़ा धुलके पीला पड़ जाता है,' म्हणून त्यांनी स्वतः कापड निवडून शिवला होता. मी मनापासून म्हटलं की सुंदर झालाय. मग ते जरा घुटमळले.

"मैडम, एक बात पूछनी थी. दफ़्तर में पूछा तो बोले, इस नाम की कोई लड़की नहीं है."

"ऐसे कैसे? मेरी क्लास में है. खिड़की के पास बैठती है."

"वही तो," ते म्हणाले. त्यांचा चेहरा सैल झाला. "मैंने भी वही कहा."

मी स्वतः ऑफिसात गेले. बाबूंनी पुन्हा पाहिलं, सगळ्या शाखांमध्ये पाहिलं. त्या नावाची मुलगी प्रवेश घेतलेल्यांत नव्हतीच. ब्रिज कोर्सला मी हजेरी घेत नाही. मुलं आधीच बिचकलेली असतात, त्यात रोज नाव पुकारणं नको म्हणून. त्यामुळे इतक्या दिवसांत कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं.

पहिल्या वर्षाची मुलं कॅन्टीनबाहेर उभी होती. मी विचारलं, "शिवानी कहाँ है?"

"कौन शिवानी, मैडम?"

"अरे, जो रोज़ सवाल पूछती है. चोटी वाली."

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मेकॅनिकलवाल्यांना वाटलं होतं ती सिव्हिलची. सिव्हिलवाल्यांना वाटलं होतं कॉम्प्युटरची. दोघी-तिघींना तर अशी कुणी मुलगी आठवतच नव्हती. खिडकीजवळ एक बाक रिकामा असतो, असं एक जण अगदी खात्रीने म्हणाला. तिच्या प्रश्नांची उत्तरं मात्र सगळ्यांनी उतरवून घेतली होती.

मी ते सांगायला परत आले तेव्हा तिचे वडील व्हरांड्यात उभे होते. ॲप्रन पुन्हा कागदात नीट गुंडाळलेला. मी बोलायच्या आधीच त्यांना माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं. माझ्याकडे पाहत ते अगदी हळू म्हणाले, "मैडम, आपने तो देखी है न उसको?"

मला उत्तर द्यायला एक क्षण लागला. त्या क्षणात माझ्या मनात काय काय येऊन गेलं. ओला फळा. जिन्यातला माझा आवाज. खिडकीजवळचा रिकामा बाक. मीच काहीतरी पाहत आले, एकटीच, असं तर नाही ना.

"देखी है," मी म्हटलं. "रोज़ देखी है."

आभाळ अंधारून आलं होतं. नर्मदा त्या दिवसांत दोन्ही थड्या भरून वाहते. काठावरच्या ग्वारीघाटाचं नाव त्यांच्याही ओठांवर आलं नाही आणि माझ्याही, पण दोघांनी एकदमच त्या दिशेला पाहिलं, हे मला स्पष्ट आठवतं.

तेवढ्यात धप्प झालं. ते जोरात दचकले. काचा थरथरून थांबल्या. आणि मग जी शांतता झाली तिच्यात वरून आवाज आला. लयीत, थांबत, खडूच्या टकटकीसह.

मी जिन्याकडे धावले. ते माझ्या मागे. वळणावर ते थांबले आणि त्यांनी मान हलवली. "ये मेरी बच्ची की आवाज़ नहीं है."

"नहीं," मी म्हटलं. "ये मेरी है."

दार लोटलं. त्या लांबलचक हॉलच्या टोकाला, फळ्यापाशी, शिवानी उभी होती. उजवा हात माझ्यासारखा उंचावलेला, डावा कमरेवर. समोर उंच टेबलांच्या रिकाम्या रांगा. त्यांच्याकडे पाहत ती म्हणत होती, "समझ में आया? नहीं आया तो भी चलेगा, कल फिर आएगा." मग तिला आम्ही दिसलो. खडू हातातून पडला नाही. तिने तो जपून फळ्याखालच्या लाकडी पट्टीवर ठेवला, ओढणीला हात पुसले आणि मान खाली घालून उभी राहिली.

मला वाटलं, आता वडील ओरडतील, किंवा रडतील. त्यांनी तसं काही केलं नाही. हॉलभर एकदा नजर फिरवली. मग मला विचारलं, "यहाँ बैठ सकते हैं?"

पहिल्या रांगेतलं एक स्टूल त्यांनी रुमालाने पुसलं आणि त्यावर चढून बसले. स्टूल उंच होतं, पाय जमिनीला टेकत नव्हते. पुडकं मांडीवर ठेवलं. ते कधी कॉलेजच्या वर्गात बसले नव्हते, हे त्यांच्या बसण्यावरूनच कळत होतं.

"पढ़ाओ," ते म्हणाले. "जो पढ़ा रही थीं."

"पापा..."

"पढ़ाओ न. रोज़ किसको पढ़ाती हो, हम भी देखें."

तिने खडू उचलला. सुरुवात माझ्या आवाजात झाली. माझीच वाक्यं, माझाच तो 'रा'. ते काही वेळ ऐकत राहिले. मग हात वर केला, वर्गातल्या मुलासारखा. "अपनी आवाज़ में बेटा. मैडम वाली समझ में नहीं आती."

ती थांबली. बाहेर पाऊस लागला होता आणि छतातून थेंब एका टेबलावर पडू लागले होते. मग ती बोलायला लागली, तर तो आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. जरा जाडा, शहपुऱ्याच्या बाजाराचा हेल असलेला. वर्गात प्रश्न विचारताना ती जो आवाज काढायची तोही बहुधा कुणाकडून तरी घेतलेला असणार. शर्टाच्या काखेजवळ कापड कसं वळतं ते तुम्ही कात्रीने कापता ना पापा, ती म्हणाली, त्या वळणाच्या प्रत्येक ठिकाणी कात्रीचं तोंड कुठल्या दिशेला असतं, तेच हे. अवकलन. त्यांनी मान डोलावली. "हाँ. कैंची का मुँह," ते म्हणाले. "ये तो आता है." मी दारात उभी होते. मी ते तसं कधीच शिकवलं नव्हतं.

नंतर खाली माझ्या खोलीत बसून तिने सगळं सांगितलं. प्रवेशाच्या शेवटच्या फेरीत तिचा नंबर अगदी थोडक्यात हुकला होता. पण त्याआधीच्या यादीत नाव जवळ आलेलं पाहून घरी पेढे वाटून झाले होते, आणि मग खरं सांगायचा दिवस पुढे पुढे जात राहिला. फी शिष्यवृत्तीतून भरली जाते, असं तिने घरी पटवलं. सकाळी माझ्या तासाला बसायचं. नंतरच्या तासांना हजेरी असते म्हणून वर जायचं आणि परतीच्या बसची वेळ होईपर्यंत तिथे सकाळचंच शिकवत राहायचं.

"मेरी आवाज़ में क्यों?" मी विचारलं.

ती नखाशी खेळत होती. "अपनी आवाज़ में बोलती थी तो लगता था, झूठ बोल रही हूँ."

वडिलांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. निघताना मी कामताभैयांची गंमत सांगितली, वातावरण हलकं करायला म्हणून. म्हटलं, तुझ्यामुळे महिनाभर बिचाऱ्यांची दुपारची झोप गेली.

ती गोंधळली. "महीना भर? मैं तो ऊपर अभी पिछले हफ़्ते से जा रही हूँ, मैडम. पहले तो बस स्टैंड पर बैठती थी."

"फिर भैया ने जो सुना?"

"पता नहीं. मैं पहली बार ऊपर गई तो बोर्ड पर पहले से लिखा था. समाकलन. बहुत सुंदर लिखा था, हिंदी में. वही देखके तो मुझे सूझा कि यहाँ पढ़ सकते हैं. मैंने सोचा, आप लिखती होंगी."

मी लिहिलं नव्हतं. कॉलेजातल्या कुणीच लिहिलं नव्हतं, मी सगळ्यांना विचारलं. ते कुणी लिहिलं हे मला आजवर कळलेलं नाही. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि म्हणूनच मला त्या उत्तराची जास्त भीती वाटते. कारण मग उरतं एवढंच की त्याच पावसाळ्यात, त्याच इमारतीत, आणखी कुणीतरी होतं. कुठल्यातरी गावाहून सकाळची बस धरून येणारं, कुणालाच न आठवणारं, फळा पुसून निघून जाणारं. त्याला शोधत कुणी आलं नाही. मी खालच्या वर्गात उभी राहून सांगत होते, घाबरायचं नाही.

आता ब्रिज कोर्सच्या पहिल्या दिवशी मी वर्गाला सांगते की इथे ज्याला बसायचंय त्याने बसावं, नाव लागलेलं असो वा नसो. ऑफिसला ते फारसं आवडत नाही. चालवून घेतात. आणि तास संपल्यावर जी मुलं लगबगीने कुठे जात नाहीत, घुटमळतात, त्यांच्याशी मी बोलत उभी राहते. कुठून आलात, परतीची बस कधी, दुपारी कुठे बसता. त्यांना नवल वाटतं. शेजारच्याचं नाव मात्र मी प्रत्येकाला विचारते. सांगता आलं नाही तर तिथेच ओळख करून घ्यायला लावते. आज सकाळी एका मुलीला तिच्या शेजारणीचं नाव येत नव्हतं. ती वळून पाहत राहिली, तिला ती आत्ताच पहिल्यांदा दिसत होती.

शिवानी वडिलांबरोबर शहपुऱ्याला गेली. वर्षभर घरी अभ्यास केला. मी फोनवर अडलेलं सांगत असे. नंतर नंतर तीच मला सांगायची की हे तुम्ही असं समजावून बघा. पुढच्या वर्षी तिला भोपाळच्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला. पहिल्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला. मी कांचघरच्या बाजारात भाजी घेत होते. गलक्यात नीट ऐकू येईना म्हणून एका बंद दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले.

"कैसा रहा?"

"मैडम, हाज़िरी हुई. सर नाम ले रहे थे. मेरा नाम आया. मैंने पीछे मुड़के देखा."

"काहे?"

"मुझे लगा कोई और होगी, जिसका वो नाम है. पीछे कोई नहीं था. तब तक सर आगे बढ़ गए."

माझ्या हातातली पिशवी मी खाली ठेवली. "फिर?"

"फिर मैं खड़ी हो गई. मैंने कहा, सर, वो वाला नाम एक बार और बोलिए."